पिएत्रो फ्लोरिदिया : संगीतकार आणि संपादक

पाश्चात्य कंठसंगीताच्या विद्यार्थ्याच्या हाती जुन्या इटालियन गीतांची जी छापील पाने येतात, त्यांवर बहुधा दोन नावे असतात. एक मूळ रचनाकाराचे, ठळक अक्षरांत. दुसरे संपादकाचे, बारीक अक्षरांत. गाणारा पहिले नाव वाचतो, पाठ करतो, कार्यक्रमपत्रिकेत छापतो. दुसऱ्या नावाकडे त्याचे लक्ष जात नाही आणि ते जावे असे कोणी त्याला सांगतही नाही. परंतु त्या पानावरील एकूण स्वरांपैकी निम्म्याहून अधिक स्वर पुष्कळदा या दुसऱ्या मनुष्याने लिहिलेले असतात. पिएत्रो फ्लोरिदिया हे अशा बारीक अक्षरांतील एक नाव होय. सिसिलीत जन्मलेला, नेपल्समध्ये पियानो शिकलेला आणि आयुष्याची अखेरची अठ्ठावीस वर्षे अमेरिकेत घालविलेला हा संगीतकार स्वतःला ऑपेराचा रचनाकार समजत होता. त्याचे ऑपेरा आज कोणी गात नाही. त्याने संपादिलेली गीते मात्र शिकविली जातात. ही विसंगती दैवाची थट्टा म्हणून सोडून देण्याचा मोह होतो. तसे न करता तिचा नीट विचार करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

फ्लोरिदियाचा जन्म ५ मे १८६० रोजी सिसिलीच्या आग्नेय भागातील मोदिका या गावी झाला. १६९३ च्या भूकंपानंतर डोंगरउतारावर पुन्हा उभारले गेलेले हे गाव वाङ्मयाच्या अभ्यासकांना एका निराळ्या कारणाने ठाऊक आहे : १९५९ चे नोबेल पारितोषिक मिळविणारा कवी साल्वातोरे क्वासिमोदो १९०१ मध्ये येथेच जन्मला. गॅरिबाल्दीचे सहस्र स्वयंसेवक सिसिलीच्या किनाऱ्याला लागले ते ११ मे १८६० रोजी, म्हणजे फ्लोरिदिया सहा दिवसांचा असताना. तेव्हा जन्माने तो नेपल्सच्या बूर्बों राजाचा प्रजाजन, आणि चालू-बोलू लागेपर्यंत एकीकृत इटलीचा नागरिक झालेला. सिसिलीतील गुणी मुलाने संगीत शिकण्यासाठी समुद्र ओलांडून नेपल्सला जावे, ही मात्र या राजकीय घडामोडींहून फार जुनी रीत. पालेर्मोत जन्मलेल्या आलेस्सांद्रो स्कार्लात्तीचे कर्तृत्व रोम आणि नेपल्स येथे फुलले. कातानियाचा बेल्लिनी नेपल्समध्ये शिकला आणि १८३५ मध्ये पॅरिसजवळ वारला. सिसिलीच्या संगीताचा इतिहास म्हणजे बव्हंशी सिसिली सोडून गेलेल्या माणसांचा इतिहास आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

नेपल्सच्या सान पिएत्रो आ मायेल्ला या संगीतविद्यालयात फ्लोरिदियाला रचनाशास्त्रात लाउरो रोस्सी आणि पियानोत बेनिआमिनो चेसी असे गुरू लाभले. यांपैकी दुसऱ्या नावावर थोडे थांबणे अवश्य आहे. कारण फ्लोरिदियाच्या साऱ्या लेखनाची किल्ली, आमच्या मते, चेसीच्या वर्गात आहे. चेसी हा थालबर्गचा शिष्य. लिस्टचा प्रतिस्पर्धी म्हणून युरोपभर गाजलेला हा थालबर्ग उत्तरायुष्यात नेपल्सला येऊन राहिला आणि १८७१ मध्ये तेथेच वारला. त्याच्या वादनाचे वैशिष्ट्य असे सांगतात की, त्याच्या बोटांखाली पियानो गात असे. गीताची चाल दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी वाद्याच्या मध्यभागी उचलून धरावयाची आणि तिच्या वरखाली स्वरांची रुंद झालर फिरती ठेवावयाची, ही त्याची युक्ती. पियानोवर गाता आले पाहिजे ही थालबर्गची शिकवण चेसीमार्फत नेपल्सच्या एका संपूर्ण पिढीत उतरली. ज्युझेप्पे मार्तुच्ची, अलेस्सांद्रो लोंगो, मिकेले एस्पोझितो हे सारे चेसीचेच विद्यार्थी. चेसी स्वतः १८८५ मध्ये आंतोन रुबिनस्टाइनच्या निमंत्रणावरून सेंट पीटर्सबर्गला शिकवावयास गेला. एस्पोझितो १८८२ मध्ये डब्लिनला गेला आणि तेथील संगीतजीवनाचा आधार बनला. ऑपेरावाचून ज्या देशात संगीतकाराला प्रतिष्ठा नव्हती, त्या देशात पियानोवादकाने एकतर ऑपेरा लिहावा किंवा देश सोडावा, अशी जवळजवळ स्थिती होती. फ्लोरिदियाने दोन्ही केले.

त्या विद्यालयाचे आणखी एक वैभव होते, ते त्याचे ग्रंथालय. बेल्लिनीचा जिवलग मित्र फ्रांचेस्को फ्लोरिमो १८२६ पासून १८८८ मध्ये मृत्यू येईपर्यंत या ग्रंथालयाचा अधिपती होता. नेपल्सच्या जुन्या विद्यालयांतील हस्तलिखिते गोळा करण्यात त्याने आपले सारे आयुष्य वेचले. फ्लोरिदिया विद्यार्थी असताना हा वृद्ध ग्रंथपाल तेथे वावरत होता, एवढे येथे नोंदवून ठेवू.

विद्यार्थिदशेतच फ्लोरिदियाच्या पियानोरचना प्रसिद्ध होऊन लोकप्रिय झाल्या आणि ‘कार्लोत्ता क्लेपिये’ हा विनोदी ऑपेरा १८८२ च्या मे महिन्यात नेपल्समध्ये रंगभूमीवर आला. त्यानंतरचा ऑपेरा रंगभूमीवर यावयास बारा वर्षे लागली. या अवधीत त्याने १८८८ ते १८९२ पर्यंत पालेर्मोच्या संगीतविद्यालयात पियानो शिकविला आणि एक सिंफनी लिहिली. बावीस वर्षांच्या तरुणाला नेपल्ससारख्या शहरात रंगभूमी मिळावी आणि नंतर त्याने बारा वर्षे गप्प राहावे, याचा अर्थ चरित्रात शोधण्यापेक्षा काळात शोधणे बरे. ही बारा वर्षे म्हणजे इटालियन ऑपेराचे रूप मुळापासून पालटल्याची वर्षे होत. वेर्गाची ‘काव्हालेरिया रुस्तिकाना’ ही सिसिलियन खेड्यातील सूडाची कथा १८८० मध्ये प्रसिद्ध झाली, १८८४ मध्ये तिचे नाटक झाले आणि १७ मे १८९० रोजी रोमच्या कोस्तान्झी नाट्यगृहात मास्कान्यीने तिचा ऑपेरा करून युरोप हलवून सोडला. एकाएकी सिसिली हा सर्व इटालियन संगीतकारांचा विषय झाला. गंमत अशी की, हा विषय रंगभूमीवर रूढ करणारा मास्कान्यी तोस्कानातील लिव्होर्नो गावचा.

फ्लोरिदियाचा ‘मारुत्झा’ २३ ऑगस्ट १८९४ रोजी व्हेनिसला झाला. मारुत्झा हे मरिया या नावाचे अस्सल सिसिलियन लाडके रूप. वेर्गाच्या ‘मालाव्होल्या’ या कादंबरीतील घरधनीणही याच नावाची आहे. सिसिलीचा पुत्र सिसिलीवर लिहावयास बसला, परंतु चार वर्षांनी उशिरा. आणि तोवर त्या विषयाचा साचा परक्याने ठरवून टाकला होता. येथे एक खरा वाङ्मयीन प्रश्न उद्भवतो. एखाद्या प्रदेशाचे कलारूप बाहेरच्याने आधी घडविले, तर त्या प्रदेशातील कलावंताला स्वतःचे घरसुद्धा त्या बाहेरच्याच्या खिडकीतून पाहावे लागते काय? १८९४ सालच्या प्रेक्षकाने ‘मारुत्झा’ मोदिकाशी ताडून पाहिला असण्याचा संभव नाही. त्याने तो मास्कान्यीशीच ताडून पाहिला असणार. प्रादेशिक कथा-कादंबरीच्या अभ्यासकांना हा प्रश्न अनोळखी वाटू नये. (ऑपेरा या शब्दाला आमच्याकडे कोणी ‘संगीत नाटक’ असा पर्याय वापरतात, तो येथे हेतुतः टाळला आहे. आमच्या संगीत नाटकात पात्रे बोलतात आणि मधून गातात. ऑपेरात, निदान ज्या परंपरेविषयी येथे बोलणे चालले आहे तीत, जवळजवळ सारे काही गाऊनच होते. हा भेद लहान नाही.)

पुढच्या कृतीत फ्लोरिदियाने सिसिली सोडली, आणि ती कोठवर सोडली? थेट कॅलिफोर्नियापर्यंत. ‘ला कोलोनिया लिबेरा’ हा ऑपेरा ७ मे १८९९ रोजी त्याच कोस्तान्झी नाट्यगृहात झाला. संहिता ल्विजी इल्लिकाची. ‘ला बोएम’, ‘तोस्का’ आणि ‘मादाम बटरफ्लाय’ या पुच्चिनीच्या तिन्ही ऑपेरांच्या संहितांत ज्याचा हात होता, तोच हा इल्लिका. कथानकाचा आधार ब्रेट हार्टची ‘मिलिस’ ही सोन्याच्या खाणींच्या वस्तीतील कथा : खाणकामगाराची रानटी, मानी मुलगी आणि तिला शिकविणारा शाळामास्तर. इटालियन रंगभूमीवर लाल सदऱ्यांचे खाणकामगार गाऊ लागले ते पुच्चिनीच्या ‘ला फांचुल्ला देल वेस्ट’मुळे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तो ऑपेरा १० डिसेंबर १९१० रोजी न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये तोस्कानिनीच्या संचालनाखाली झाला आणि त्यात कारुसो गायला. म्हणजे तोच भूभाग आणि तोच काळ फ्लोरिदियाने पुच्चिनीपूर्वी अकरा वर्षे रंगविला होता. अग्रक्रमाचे श्रेय त्याला मिळाले नाही याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. विषय आधी सापडणे आणि विषयाला रूप सापडणे या भिन्न गोष्टी आहेत. परंतु त्याच्या चरित्राच्या दृष्टीने या घटनेला महत्त्व आहे. पुढे १९०२ मध्ये त्याने हॉथॉर्नच्या ‘द स्कार्लेट लेटर’वर ऑपेरा लिहिला, तो रंगभूमीवर आला नाही. लागोपाठ दोन अमेरिकन कथा! आणि या काळात त्याचे वास्तव्य मिलानमध्ये.

तो १९०४ मध्ये अमेरिकेस गेला. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत सुमारे ४० लाख इटालियन माणसे अमेरिकेत उतरली, त्यांतील फार मोठा वाटा दक्षिणेकडील आणि सिसिलीतील गरिबांचा होता. या लोंढ्यात फ्लोरिदियाला बसवून मोकळे होणे सोपे आहे. तसेच मायदेशी यश न लाभल्यामुळे तो परदेशी गेला असे म्हणणेही सोपे आहे. पण आमच्या मते त्याच्या कृतींचा क्रम काही वेगळे सांगतो. अमेरिका त्याच्या कल्पनेत आधी आली, जहाजाचे तिकीट मागाहून. ज्या देशाच्या कथांना तो पाच-सात वर्षे स्वर देत होता, त्या देशात तो गेला. तेथे गेल्यावर मात्र त्याने रंगभूमीला दिलेली कृती ना खाणकामगारांची होती, ना प्युरिटन धर्मगुरूची.

१९०६ ते १९०८ ही दोन वर्षे तो सिनसिनाटीच्या संगीत महाविद्यालयात अध्यापक होता. ओहायो नदीकाठचे हे शहर जर्मन वसाहतीचे. १८७३ पासून येथे मे महिन्यातील प्रचंड समूहगानाचा महोत्सव चाले. त्यासाठी बांधलेले भव्य संगीतगृह १८७८ चे आणि महाविद्यालयाची स्थापनाही त्याच वर्षाची. अशा बाख-बेथोव्हनच्या नगरीत नेपल्सचा पियानोवादक कितपत रमला असेल कोण जाणे. १९०८ मध्ये तो न्यू यॉर्कला स्थायिक झाला. पण सिनसिनाटीनेच त्याला त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठी संधी दिली. १९१० च्या ओहायो व्हॅली प्रदर्शनासाठी ‘पाओलेत्ता’ हा ऑपेरा त्याने लिहिला. पॉल जोन्सची इंग्रजी संहिता, डेव्हिड बिस्फॅमसारखा नामांकित गायक, आणि २९ ऑगस्ट हा पहिल्या प्रयोगाचा दिवस. त्याच वर्षी मार्चमध्ये मेट्रोपॉलिटनने कॉन्व्हर्सचा ‘द पाइप ऑफ डिझायर’ हा अमेरिकन रचनाकाराचा पहिला ऑपेरा रंगभूमीवर आणला होता आणि इंग्रजी भाषेत ऑपेरा असावा की नसावा यावर वाद रंगला होता. तेव्हा ‘पाओलेत्ता’चा क्षण अनुकूल होता. तथापि प्रदर्शनासाठी लिहिलेली कृती प्रदर्शनाचा मंडप उतरताच संपावी, हा धोका अशा सर्व कृतींना असतो. शिवाय इटालियन स्वरांनी इंग्रजी शब्द वाहावे ही अट जाचक आहे. इटालियन शब्द स्वरांत उघडतो, इंग्रजी शब्द व्यंजनांत मिटतो. गायकाचा श्वास जेथे लांबवावासा वाटतो, तेथेच भाषा दार लावून घेते. ज्याचे सारे शिक्षण गाणाऱ्या पियानोचे, त्याला ही अडचण इतरांपेक्षा अधिक बोचली असेल, असे अनुमान करण्यास हरकत नाही. ‘पाओलेत्ता’ पुढे टिकला नाही. १९१३ मध्ये फ्लोरिदियाने न्यू यॉर्कमध्ये एक इटालियन सिंफनी वाद्यवृंद उभारून त्याचे संचालन केले. ‘मालिया’ हा शेवटचा ऑपेरा त्याने १९३२ मध्ये, मृत्यूच्या वर्षी, पुरा केला. त्याचाही प्रयोग झाला नाही. १६ ऑगस्ट १९३२ रोजी तो न्यू यॉर्क येथे वारला.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. बोस्टनच्या ऑलिव्हर डिटसन या प्रकाशनसंस्थेच्या संगीतग्रंथमालेत १९२३-२४ च्या सुमारास फ्लोरिदियाने संपादिलेली जुनी इटालियन गीते दोन खंडांत प्रसिद्ध झाली. पहिला खंड काचिनीपासून बोनोन्चिनीपर्यंत, दुसरा प्रोव्हेन्त्सालेपासून सुप्रियानीपर्यंत. अशा संग्रहातील संपादकाचे काम नेमके काय असते, हे समजल्याखेरीज त्याचे मूल्यमापन होऊ शकत नाही. काचिनीचा ‘ले नुओव्हे मूसिके’ हा संग्रह १६०२ मध्ये फ्लॉरेन्सला छापला गेला. त्यात गीताच्या दोनच ओळी आहेत : वर गळ्याची, खाली मंद्र स्वरांची, आणि खालच्या स्वरांच्या माथ्यावर कोठे कोठे आकडे. या आकड्यांवरून कोणते स्वरसंघात वाजवावयाचे, किती भरावयाचे, कोठे हात आवरावयाचा, हे साथीदाराने ऐन वेळी ठरवावयाचे असे. म्हणजे कागदावर जे आहे ते गीत नव्हे, गीताचा करार आहे. तीनशे वर्षांनंतरचा विद्यार्थी हा करार वाचू शकत नाही. त्याच्यासाठी उजव्या हाताचे सर्व स्वर कोणी तरी लिहून द्यावे लागतात. फ्लोरिदियाने ते लिहिले, आणि ते चेसीच्या शिष्याने लिहावे तसे लिहिले : भरगच्च संघात, पेडलवर तरंगणारे विस्तार, मध्येच गळ्याला उत्तर देणारी चाल, आणि मूळ प्रतीत नसलेल्या मंद-तीव्र आघातांच्या खुणा. आवाज गातो आणि त्याच्याबरोबर थालबर्गचा पियानोही गातो.

आजच्या कालसापेक्ष शुद्धतेच्या आग्रही अभ्यासकांना हे मुळीच मान्य होणारे नाही, आणि त्यांचा आक्षेप योग्यच आहे. काचिनीच्या प्रस्तावनेत गायनातील एका उदात्त बेफिकिरीचा पुरस्कार आहे; शब्द बोलता बोलता गाणे व्हावे, ताल शब्दाच्या सोयीने सैल पडावा, अशी त्याची अपेक्षा. ल्यूटसारख्या हलक्या वाद्याची विरळ साथ असेल तरच गायकाला ही मोकळीक मिळते. खाली पियानोची दाट वीण चालू असेल तर गायकाला तिच्या गतीने चालावे लागते. फ्लोरिदियाच्या साथीत काचिनीचे हे मर्म बुजते, यात संशय नाही.

परंतु दोष सांगताना त्याची जातही सांगितली पाहिजे. त्याच्या आधी हेच काम रोममधील पारिसोत्तीने केले होते. १८८५ ते १९०० या काळात रिकोर्दीने त्याचे जुन्या गीतांचे तीन खंड काढले, आणि न्यू यॉर्कच्या शर्मरने १८९४ मध्ये त्यांतील गीते अमेरिकेत आणली. त्याच संग्रहातील पेर्गोलेसीच्या नावावरील ‘से तू मामी’ हे सुप्रसिद्ध गीत पेर्गोलेसीचे नसून बहुधा पारिसोत्तीचेच असावे, असे आता मानतात; कारण त्याची पूर्वीची प्रत सापडत नाही. खुद्द स्ट्राविन्स्कीही त्याला फसला आणि १९२० च्या ‘पुलचिनेल्ला’त त्याने ते पेर्गोलेसीचे म्हणून घेतले. हा एक प्रकार : संपादक स्वतःचे काव्य जुन्या कवीच्या नावावर खपवितो. दुसरा प्रकार फ्लोरिदियाचा गुरुबंधू लोंगो याचा. दोमेनिको स्कार्लात्तीच्या ५४५ सोनाटा त्याने रिकोर्दीसाठी १९०६ पासून प्रसिद्ध केल्या, हे उपकार विसरता येण्यासारखे नाहीत. परंतु स्कार्लात्तीचे धारदार विसंवाद त्याला चुका वाटले आणि त्याने ते ‘दुरुस्त’ केले. १९५३ च्या आपल्या ग्रंथात राल्फ कर्कपॅट्रिकने ही दुरुस्ती उघडकीस आणली. पाठचिकित्सेच्या परिभाषेत बोलावयाचे तर पारिसोत्तीचा दोष प्रक्षेपाचा, लोंगोचा दोष संहितेवरील अतिक्रमणाचा. फ्लोरिदियाचा दोष प्रामुख्याने भाष्याचा आहे. जेथे मूळ रचनाकाराने जागा रिकामी ठेवली होती, तेथे कोणी तरी भरणे प्राप्तच होते. त्याने ती आपल्या काळाच्या भाषेत आणि आवश्यकतेहून अधिक भरली. ज्ञानवंत टीकाकार पाल्हाळ लावतो तेव्हा आपण टीका बाजूला ठेवून मूळ ओवी वाचतो. परंतु त्याने ओवी बदलली असे म्हणत नाही.

याहून पुढे जाऊन असेही म्हणावेसे वाटते की, फ्लोरिदियाचा रचनाकार म्हणून खरा आवाज ऑपेरात नव्हे, या साथींत ऐकू येतो. ऑपेरात त्याला प्रत्येक वेळी दुसऱ्याचा साचा घ्यावा लागला : कधी मास्कान्यीची सिसिली, कधी इल्लिकाची कॅलिफोर्निया, कधी प्रदर्शनाची मागणी. येथे साचा जुन्यांचा होता, पण त्यातली रिकामी जागा त्याची स्वतःची होती, आणि ती भरावयाला त्याच्याजवळ जे अस्सल होते ते, म्हणजे पियानोवादकाचा हात, पुरेसे होते. हे मत सर्वांना पटेल असे नाही. त्याचे ऑपेरा पुन्हा गायले गेल्यास ते बदलावेही लागेल. पण संपादनाचे काम हे निर्मितीचे दुय्यम अवशेष असते, हा जो समज आमच्या विद्यापीठीय समीक्षेतही घट्ट बसला आहे, त्याला फ्लोरिदियाचे उदाहरण छेद देते.

विद्यार्थ्यांनी हे दोन खंड कसे वापरावे? टाकून देऊ नयेत आणि प्रमाणही मानू नयेत. गळ्याची ओळ आणि मंद्र स्वर तेवढे निराळ्या कागदावर उतरून घ्यावे, मूळ छापील प्रतीच्या छायाचित्राशी ताडून पाहावे, मग फ्लोरिदियाची साथ शेजारी ठेवून त्याने प्रत्येक ठिकाणी काय ऐकले असेल ते पाहावे. तीन शतकांपूर्वीचे गीत आणि शंभर वर्षांपूर्वीचा त्याचा वाचक, असे दोन्ही त्या पानावर सापडतात.

खंडांच्या नावांकडेही लक्ष द्यावे. पहिला खंड फ्लॉरेन्सच्या काचिनीने सुरू होतो; तो प्रारंभ कोणीही केला असता. दुसऱ्याच्या दोन्ही टोकांना मात्र नेपल्स आहे. प्रोव्हेन्त्साले हा सतराव्या शतकातील नेपल्सच्या संगीतविद्यालयांचा थोर शिक्षक. सुप्रियानी हा तर मुळात गीतकारही नव्हे. तो नेपल्सच्या राजचॅपेलमधील चेलोवादक. त्याचे नाव घेतले जाते ते चेलो शिकविण्यासाठी त्याने लिहिलेल्या पाठांमुळे. त्या पाठांचे हस्तलिखित सान पिएत्रो आ मायेल्लाच्या ग्रंथालयात आहे.